दुखरा दात आणि तोकडा खिसा

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. बँकेच्या काउंटरमागे काही वर्षे काढली की या म्हणीत न सांगितलेली एक तिसरी अवस्थाही दिसू लागते. दातही चालले आहेत आणि चणेही संपलेले आहेत, अशी ती अवस्था. महिन्याची वीस तारीख उलटलेली असते, घरकर्जाचा हप्ता खात्यातून वजा झालेला असतो, मुलांच्या शुल्काची पावती यायची असते आणि नेमकी त्याच आठवड्यात दाढ ठणकू लागते. दंतवैद्याकडे गेल्यावर हाती पडते ते दहा, वीस आणि क्वचित साठ हजारांचे अंदाजपत्रक.

अशा वेळी माणूस बहुधा दोहोंपैकी एक वाट धरतो. वेदनाशामक गोळी घेऊन दुखणे पुढच्या महिन्यावर ढकलणे, ही एक वाट. समोर येईल ते कर्ज घेऊन मोकळे होणे, ही दुसरी. दोन्ही वाटा महागात पडतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. कर्ज देणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्याच नियतकालिकात ‘कर्ज शेवटी’ असा सल्ला वाचून कोणास नवल वाटेल; परंतु ग्राहकाचे हित आणि बँकेचे हित यांत दीर्घकालीन विरोध नसतो, यावर माझा विश्वास आहे.

दुखण्यावरील चक्रवाढ व्याज

दाताची कीड ही बँकेच्या भाषेत सांगायची तर थकीत खात्यासारखी असते. आरंभी ती दाताच्या वरच्या कठीण आवरणात असते. तेव्हा दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढे ती आतल्या मऊ थरात उतरते; गार पाणी, गोड पदार्थ लागले की शिणक येते. या टप्प्यावर फिलिंग करून दात वाचतो आणि खर्च काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत असतो. त्याकडे दुर्लक्ष झाले की कीड दाताच्या मध्यभागी असलेल्या नसेपर्यंत पोहोचते आणि रात्रीची झोप उडते. आता रूट कॅनल व त्यावर कॅप असा दुहेरी खर्च, शहरानुसार आणि दवाखान्यानुसार पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. तेही टाळले तर मुळाशी पू होतो, दात काढावा लागतो आणि त्या जागी नवा दात बसवायचा तर इम्प्लांटसाठी वीस, तीस, चाळीस हजार मोजावे लागतात. दात तोच, केवळ काळ लोटला म्हणून मुद्दल अनेक पटींनी वाढले.

या मार्गात एक फसवी विश्रांती असते. ठणकणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत होते आणि माणसाला वाटते, बरे झाले. पुष्कळदा ती नस मेलेली असते. संसर्ग मात्र हाडाकडे सरकत असतो. लवंगेच्या तेलाने घटकाभर आराम पडतो, पण त्याने कीड भरून येत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकाने सूज उतरते, पण संसर्गाचे मूळ दातातच राहते आणि सूज पुन्हा येते. ग्रामीण भागात दुखऱ्या हिरड्यांवर मिश्री लावण्याची रीत अद्याप आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दुखणे बधिर होते आणि व्यसन व मुखरोग मात्र मागे लागतात.

काही लक्षणांपुढे मात्र खिशाचा विचारच करू नये. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरू लागली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर त्याच क्षणी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. दातातून सुरू झालेला संसर्ग गळ्यात उतरून श्वासमार्ग बंद करू शकतो आणि ही स्थिती जीवघेणी ठरते. तसेच तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. तंबाखू आणि सुपारीच्या आपल्या देशात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि तो लवकर सापडला तरच उपचार सोपे जातात.

सगळेच आज करावे लागत नाही

साठ हजारांचे अंदाजपत्रक पाहून घाबरलेला ग्राहक एक गोष्ट विसरतो. त्या कागदावर लिहिलेली सर्व कामे सारख्याच निकडीची नसतात. अनेक देणी अंगावर असलेल्या माणसाला आपण ज्याप्रमाणे देण्यांचा क्रम लावून देतो, त्याचप्रमाणे दंतवैद्याकडून उपचारांचा क्रम लावून घ्यावा. पहिला क्रम वेदना, पू आणि सूज यांचा. दुसरा, वाढत असलेली कीड व हिरड्यांचा रोग थांबविण्याचा. तिसरा, गेलेल्या दातांच्या जागी चर्वणासाठी पर्याय देण्याचा आणि शेवटचा, शोभेचा. पहिली दोन कामे या महिन्यात आणि उरलेली सहा महिन्यांत किंवा वर्षात, अशी विभागणी पुष्कळदा करता येते.

त्यासाठी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे चार प्रश्न विचारावेत. यांपैकी कोणते काम थांबू शकते आणि किती दिवस? यापेक्षा कमी खर्चाचा पर्याय कोणता आणि त्यात काय गमवावे लागेल? अंदाजपत्रकात कॅप, क्ष-किरण व प्रयोगशाळेचा खर्च धरलेला आहे का? प्रत्येक बैठकीला त्या-त्या कामाचे पैसे दिले तर चालेल का? सचोटीच्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट रुग्णाची ऐपत कळली तर तेही वेगळा मार्ग सुचवितात. एका गेलेल्या दातासाठी इम्प्लांट हाच एकमेव उपाय नसतो. ब्रिज असतो आणि काढता-घालता येणारा साधा दातही असतो. रूट कॅनलपेक्षा दात काढणे स्वस्त पडते हे खरे, परंतु पुढचा किंवा चावण्याच्या कामी येणारा दात वाचत असेल तर तो काढण्याची घाई हा खोटा काटकसरीपणा होय. रूट कॅनल केलेल्या दाढेवर कॅप बसविणे फार लांबविले तर ती दाढ तडकते आणि आधीचा खर्चही वाया जातो. ‘दात कोरून पोट भरत नाही’ ही दुसरी म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

तिसरी वाट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला जोडून रुग्णालय असते, कारण रुग्णांवाचून विद्यार्थी शिकणार कसे? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत; मुंबई सेंट्रल येथे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे; गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी ग्राहकांनाही इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई या शहरांत शासकीय दंत महाविद्यालये सापडतील. दिल्लीत मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे. कोलकात्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी भारतातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या सरकारी संस्थांत केसपेपर नाममात्र शुल्कात मिळतो आणि फिलिंग, दात काढणे, रूट कॅनल, कवळी ही कामे खासगी दराच्या लहानशा अंशात होतात. खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाजारापेक्षा पुष्कळ कमी असतात.

‘विद्यार्थी आपल्या दातांवर प्रयोग करणार’ ही भीती बहुतेकांच्या मनात असते. वस्तुस्थिती अशी की तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थी, आंतरवासिता करणारे पदवीधर आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. काम सावकाश होते. पण अवघड दाढ, जबड्याची शस्त्रक्रिया, लहान मुलांचे दात, हिरड्या अशा प्रत्येक विषयाचा स्वतंत्र विभाग तेथे एका छताखाली असतो. ही सोय लहान खासगी दवाखान्यात क्वचितच असते.

दंत महाविद्यालय दूर असेल त्यांनी जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग पाहावा. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून राबविला जात आहे आणि त्यातून जिल्हा रुग्णालये व त्याखालच्या केंद्रांतील दंतविभागांना साहाय्य मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेत अंशदान कापले जाणाऱ्या कामगारांना त्या योजनेच्या रुग्णालयांत दंतोपचार मिळतात. वेतनपत्रकावर दरमहा कपात पाहूनही हे अनेकांच्या गावी नसते.

या वाटेवर काटे नाहीत असे मी म्हणणार नाही. सकाळी लवकर रांगेत उभे राहावे लागते, कवळी आणि रूट कॅनलसाठी प्रतीक्षायादी असते, खेपा तीन-चार होतात. रोजंदारीवर जगणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज. म्हणून हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. समजा, रोज ६०० रुपये आहे आणि रूट कॅनलसाठी चार खेपा होणार आहेत. मजुरी बुडाली २,४०० रुपये, प्रवासाला ४०० आणि उपचाराचे काही शे रुपये. एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत राहतो. खासगी दवाखान्यात त्याच कामाचे सहा-सात हजार होत असतील तर सरकारी वाट फायद्याची. याउलट, साधा हलणारा दात काढायचा असेल तर गल्लीतल्या नोंदणीकृत डॉक्टरांचे पाच-सातशे रुपये आणि बुडालेला रोज यांची रक्कम सारखीच भरते. तेथे दूर जाण्यात अर्थ नाही.

मात्र ‘स्वस्त’ म्हणून पदपथावर वा बाजारात बसून दात बसविणाऱ्यांकडे जाऊ नये. किडलेल्या मुळावर चिकटविलेला तयार दात आठवडाभर शोभतो आणि त्याखाली हिरडी कुजत जाते. निर्जंतुक न केलेल्या हत्यारांतून काविळीसारखे रोग पसरतात, ते निराळेच. डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडील नोंदणी भिंतीवर लावलेली असते. ती पाहण्यात संकोच नसावा.

आमच्या शाखेत निवृत्तिवेतनासाठी येणारे एक शिक्षक गेल्या वर्षी मुदत ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन आले. तोंडात मोजके दात उरलेले, इम्प्लांटचे अंदाजपत्रक अडीच लाखांचे आणि ठेव तीन लाखांची. ठेव मोडण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद होता. मी त्यांना एवढेच सुचविले की, आठ दिवस थांबून शासकीय दंत महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. तेथे त्यांना कवळी सुचविण्यात आली. ती तयार होण्यास दीड-दोन महिने गेले. खालची कवळी अधूनमधून सैल होते अशी त्यांची तक्रार आहे आणि इम्प्लांटची मजबुती तिला नाही, हेही खरे. परंतु दुधात कुस्करलेल्या भाकरीवरून ते पुन्हा ताटातल्या भाजी-भाकरीवर आले आहेत आणि ठेव जागेवर आहे. त्यांच्या परिस्थितीत हा सौदा मला योग्य वाटतो.

विमा आणि कर्ज

आरोग्यविमा आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी आपली पॉलिसी काढून वाचावी. सर्वसाधारण आरोग्यविम्यात नेहमीचे दंतोपचार वगळलेले असतात. अपघातात जबड्याला वा दातांना इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच बहुधा भरपाई मिळते. बाह्यरुग्ण उपचारांचे जादा संरक्षण घेतले असेल तर काही खर्च निघतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. जबड्याच्या अस्थिभंगासारखी शस्त्रक्रिया त्यात बसते, साधे फिलिंग बसत नाही.

इतके करूनही पैसे कमी पडले तर कर्जाचा विचार करावा, आणि तोही क्रमाने. मुदत ठेव असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यावा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारणतः एक-दोन टक्केच अधिक पडते. त्यानंतर नोकरदारांच्या पतसंस्थेचे आकस्मिक कर्ज, बचत गटातील अंतर्गत कर्ज, बँकेतील सोनेतारण. जनधन खातेदारांना पात्रतेच्या अटींवर दहा हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय २०१८ पासून आहे आणि त्यातील दोन हजारांपर्यंतची रक्कम विनाअट मिळते. दाढेच्या दुखण्यासाठी सावकाराच्या दारात जाणाऱ्या खातेदाराला आपल्या पासबुकामागे ही सोय उभी आहे याची कल्पना नसते, हे आपले, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांचे, अपयश आहे.

सर्वांत अधिक सावध राहावे ते दवाखान्यातच मिळणाऱ्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांपासून. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविले होते. उदाहरण पाहू. उपचाराचे ६०,००० रुपये पाच-पाच हजारांच्या बारा हप्त्यांत ‘बिनव्याजी’ द्यायचे आहेत. रोख दिले तर दहा टक्के सूट, म्हणजे ५४,०००. याचा अर्थ आपण ५४,००० रुपयांच्या कर्जावर ६,००० रुपये व्याज देत आहोत आणि मुद्दल दरमहा घटत असल्याने हा दर वर्षाला सुमारे वीस टक्के पडतो. दुसरा सापळा सरसकट दराचा. ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी ‘फक्त बारा टक्के’ सरसकट दराने घेतले तर व्याज १४,४०० आणि हप्ता ३,१०० रुपये. घटत्या शिल्लक रकमेवर मोजले तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा साडेतीन टक्क्यांनी ओढली तर वर्षाला बेचाळीस टक्के होतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे आणि सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो एक आकडा वाचावा. आणखी एक गोष्ट. अशा योजनेत कर्जाची संपूर्ण रक्कम बहुधा आरंभीच दवाखान्याच्या खात्यात जमा होते. उपचार अर्धवट राहिले किंवा दवाखानाच बंद झाला, तरी हप्ते आपल्या खात्यातून जातच राहतात. बैठकीगणिक पैसे देण्याचा आग्रह मी वर धरला, तो याचसाठी.

आपल्याला काय करता येईल

दंतोपचार हा शोभेचा खर्च आहे, हा समज आता टाकून दिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना मुखरोग आहेत. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. पुढचे दात गेलेली तरुणी मुलाखतीत ओठ मिटून बसते; पदराआड हसणारी गृहिणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. जेथे अन्न, आरोग्य आणि आत्मसन्मान या तिन्हींचा प्रश्न आहे, तेथे विमा कंपन्यांनी निदान दात काढणे, फिलिंग व संसर्गावरील उपचार एवढे तरी मूळ पॉलिसीत आणावेत, असे मला वाटते. प्रत्येक बाह्यरुग्ण खर्चावर विमा देणे परवडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु वार्षिक मर्यादा घालून हे करता येईल.

बँकेच्या पातळीवर तर फारसा खर्चही नाही. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील शासकीय दंतविभागाचा पत्ता व वेळ सूचनाफलकावर लावावी. निवृत्तिवेतनधारकांच्या मेळाव्याला दंत महाविद्यालयाच्या पथकास बोलवावे. ही महाविद्यालये अशी शिबिरे घेतच असतात. आणि दातांसाठी लहान वैयक्तिक कर्ज मागणाऱ्या ग्राहकाला माझ्या सहकारी बंधूभगिनींनी अर्जासोबत एकच प्रश्न विचारावा: ‘दुसरे मत घेतलेत का?’ दोन मिनिटांच्या या प्रश्नाने एखादे कर्ज कमी होईल. एक खाते मात्र थकण्यापासून वाचेल.

ग्राहकांना विनंती एवढीच की, सहा महिन्यांतून एकदा तपासणी, दिवसातून दोनदा फ्लुराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि दरमहा तीनशे रुपयांची आवर्ती ठेव, हा त्रिसूत्री कार्यक्रम आजच सुरू करावा. वर्षाअखेर ३,६०० रुपये आणि त्यावरील व्याज हाती येते. दोन-तीन फिलिंगचा खर्च त्यात भागतो. आणि आज ज्यांची दाढ ठणकत आहे व खिसा रिकामा आहे, त्यांनी गोळी घेऊन निजण्यापूर्वी उद्या सकाळी जवळच्या शासकीय दंतविभागाची खिडकी किती वाजता उघडते, एवढी चौकशी करून ठेवावी.